कोडिंगसाठी कोणता एआय एजंट घ्यावा? आधी काम कसं तपासणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम, जावातलं जुनं ॲप्लिकेशन, सुमारे दोन लाख ओळींचा कोड, टेस्ट आहेत पण सगळीकडे नाहीत. समोर तीन कामं आहेत. जेयुनिट या जावातल्या टेस्ट लिहायच्या लायब्ररीच्या आवृत्ती ४ वरच्या सगळ्या टेस्ट आवृत्ती ५ वर न्यायच्या, अधूनमधून एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाते तो बग शोधायचा, आणि विक्रीच्या अहवालाची नवी स्क्रीन बनवायची. यासाठी कर्सर, क्लॉड कोड, कोडेक्स, कोपायलट, डेव्हिन या एआय कोडिंग एजंटांपैकी नेमकं काय घ्यावं?

आधी सरळ उत्तर देतो. पहिल्या कामाचा मोठा भाग एजंटला देऊच नका. दुसऱ्यासाठी टर्मिनलमध्ये चालणारा एजंट घ्या आणि तो चालू असताना शेजारी बसा. तिसऱ्यासाठी एडिटरमधला बरा. कंपनी कोणती, हे त्यानंतर ठरवायचं आणि ते ठरवणं तुलनेने सोपं आहे.

हे उत्तर चार गोष्टींवर बदलू शकतं: तुमचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची परवानगी आहे का, बिल्ड आणि टेस्ट एका कमांडवर चालतात का, त्यांना किती वेळ लागतो, आणि आलेला कोड वाचायला माणूस मोकळा आहे का. पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर बाकीची तुलना बाजूला ठेवा. मग क्वेन कोडर, डेव्हस्ट्रॉल किंवा जीपीटी-ओएसएस यांसारखी स्वतःच्या मशीनवर चालवता येणारी मॉडेल्स घ्यायची आणि लहान लहान तुकड्यांत काम करायचं, एवढाच मार्ग उरतो.

एजंट म्हणजे मॉडेल आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा. मॉडेल सांगतं "ही फाइल वाच", "ही कमांड चालव", "इथे हा बदल कर". यंत्रणा ते करते आणि जे आउटपुट येईल ते मॉडेलला परत देते. काम संपेपर्यंत हे चक्र चालू राहतं. त्यामुळे तेच मॉडेल दोन वेगळ्या एजंटांमध्ये वेगळं वागतं. एक यंत्रणा फाइलचा ठरावीक तुकडा शोधून बदलते, दुसरी अख्खी फाइल पुन्हा लिहून घेते, आणि दुसऱ्या पद्धतीत हजार ओळींच्या क्लासमधल्या चार ओळी गुपचूप गळण्याचा धोका असतो. एडरसारखा एजंट ट्री-सिटर हे कोडची रचना ओळखणारं साधन वापरून रिपॉझिटरीतल्या (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या) क्लास आणि मेथडचा नकाशा आधीच मॉडेलला देतो. इतर बरेचसे एजंट ग्रेप करत करत, म्हणजे मजकुरात शब्द शोधत शोधत, वाट शोधतात. म्हणून "मॉडेल कोणतं" एवढंच विचारून भागत नाही.

तपासणीवर मी एवढा भर देतो त्यामागे साधा हिशेब आहे. समजा एजंटचं प्रत्येक पाऊल ९५ टक्के वेळा बरोबर पडतं आणि कामाला २० पावलं लागतात. मधे कुठेही चूक पकडली जात नसेल तर सगळी पावलं बरोबर पडण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. पण दर दोन-तीन पावलांनी कम्पायलर किंवा टेस्ट "हे चुकलं" असं सांगत असेल तर एजंट तिथल्या तिथे मागे फिरतो आणि चूक पुढे साचत नाही. म्हणजे बऱ्यापैकी मॉडेल आणि चांगल्या टेस्ट ही जोडी, उत्तम मॉडेल आणि टेस्ट नाहीत या जोडीपेक्षा बहुतेक वेळा पुढे असते. तुमची निवड इथूनच सुरू होते: कोणत्या कामात चूक आपोआप पकडली जाईल आणि कोणत्या कामात ती फक्त माणसालाच दिसेल?

आता प्रकार. एडिटरमध्ये पुढची ओळ सुचवणारी मदत सगळ्यांत जुनी. कोपायलटचा प्रिव्ह्यू जून २०२१ मध्ये आला तेव्हा तो एवढंच करत होता. त्यानंतर एडिटरमधले एजंट आले: कर्सर, कोपायलटचा एजंट मोड. हे एकाच वेळी अनेक फाइल बदलतात आणि डिफ, म्हणजे काय बदललं ते, समोर दाखवतात. तिसरे टर्मिनलमधले: क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय, जेमिनी सीएलआय, एडर. चौथे दूरच्या मशीनवर चालणारे, ज्यांना इश्यू (कामाची लेखी नोंद) द्यायचा आणि नंतर पुल रिक्वेस्ट (तपासून स्वीकारायचा बदल) घ्यायची. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेला डेव्हिन या प्रकाराचा ठळक नमुना. आता बहुतेक कंपन्या हे सगळे प्रकार एकाच वर्गणीत देऊ लागल्या आहेत, त्यामुळे "कर्सर की कोडेक्स" यापेक्षा "या कामात मी कुठे उभा राहणार" हा प्रश्न जास्त कामाचा. दर मिनिटाला डिफ बघणार असाल तर एडिटर. कमांड, लॉग, डेटाबेस यांच्याशी झटापट असेल तर टर्मिनल. काम पूर्ण लिहून देता येत असेल आणि निकाल यंत्रच तपासू शकत असेल, तरच दूरचा एजंट.

तुमचं पहिलं काम घ्या. जेयुनिट ४ वरून ५ वर जाण्यातले बहुतेक बदल यांत्रिक आहेत. इम्पोर्ट बदलायचे, बिफोरचं बिफोरइच करायचं, रनविथच्या जागी एक्स्टेंडविथ, टेस्ट ॲनोटेशनमधल्या "एक्स्पेक्टेड"च्या जागी असर्टथ्रोज. शेकडो फाइलींत हेच. असल्या कामाला मॉडेल लावलं तर ते पहिल्या पन्नास फाइली एका पद्धतीने करेल, पुढच्या पन्नास थोड्या वेगळ्या पद्धतीने, आणि मधेच एखाद्या टेस्टचं नाव "सुधारून" ठेवेल. ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनात या स्थलांतराची तयार रेसिपी आहे. ती कोडचं व्याकरण समजून बदल करते आणि कितीही वेळा चालवली तरी तोच निकाल देते. आधी ती चालवा आणि तो वेगळा कमिट ठेवा. उरलेल्या फाइली, म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले रनर, रूल, विचित्र पॅरामिटराइज्ड टेस्ट, एवढ्याच एजंटला द्या. त्यासाठी टर्मिनलमधला किंवा दूरचा कुठलाही चालेल, कारण आता काम छोटं आहे आणि निकाल मोजता येतो.

मात्र "सगळ्या टेस्ट हिरव्या" हा इथे पुरेसा पुरावा नाही. दोन सापळे सांगतो.

पहिला: जेयुनिट ४ मध्ये असर्ट करताना संदेश आधी येतो आणि तपासायची वस्तू नंतर. ५ मध्ये वस्तू आधी, संदेश शेवटी. असर्टनॉटनल या मेथडला दिलेल्या दोन्ही गोष्टी स्ट्रिंग असतील तर नुसता इम्पोर्ट बदलला तरी कोड बिनतक्रार कम्पाइल होतो. पण आता तपासला जातो तो संदेश, आणि संदेश कधीच नल नसतो. टेस्ट कायमची हिरवी, आणि काहीच न तपासणारी. रेसिपी हा क्रम सांभाळते. हाताने किंवा एजंटकडून केलेल्या फाइलींत मात्र असर्टनॉटनलचे सगळे वापर शोधून डोळ्याखालून घाला.

दुसरा: एखाद्या फाइलमध्ये टेस्ट ॲनोटेशन जेयुनिट ४ चंच राहिलं, जुन्या टेस्ट चालवणारं व्हिंटेज इंजिन काढून टाकलेलं आहे, पण दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या मागोमाग जेयुनिट ४ अजून क्लासपाथवर (जावा जिथे लायब्ररी शोधते तिथे) आहे. मग ती फाइल कम्पाइल होते आणि तिच्यातल्या टेस्ट चालतच नाहीत. लाल काहीच दिसत नाही. म्हणून बदलाआधी आणि नंतर, प्रत्येक मॉड्यूलमध्ये किती टेस्ट चालल्या आणि किती वगळल्या, हे आकडे जुळवा. एकाही टेस्टचा फरक असला तर त्याचं कारण सापडल्याशिवाय मर्ज करू नका. वेळ असेल तर दोन-तीन महत्त्वाच्या पॅकेजवर पिटेस्टसारखं म्युटेशन टेस्टिंग दोन्ही बाजूंनी चालवून बघा. कोड मुद्दाम मोडला तर टेस्ट लाल होतात का, हे त्यातून कळतं.

दुसरं काम, दोनदा नोंदली जाणारी ऑर्डर, हे या तिन्हींतलं सगळ्यांत अवघड, आणि एजंट सगळ्यांत जास्त फसवतो तेही इथेच. "हा बग दुरुस्त कर" असं सांगितलंत तर तो काहीतरी दुरुस्त करणारच. बहुधा तो "आधी ऑर्डर आहे का बघ, नसेल तर घाल" हा कोड शोधेल आणि मेथडवर सिंक्रोनाइज्ड, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक, लावेल. दिसायला बरोबर. पण सर्व्हरचे दोन इन्स्टन्स चालू असतील तर एका जेव्हीएममधल्या (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमधल्या) लॉकचा दुसऱ्याला पत्ताच नसतो. आणि इन्स्टन्स एकच असला तरी स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शन मेथडच्या बाहेर, तिला गुंडाळणाऱ्या प्रॉक्सीमध्ये संपतं. त्याच मेथडवर सिंक्रोनाइज्ड असेल तर लॉक आधी सुटतो आणि कमिट नंतर होतो. त्या फटीत दुसरा थ्रेड आत शिरून "ऑर्डर नाही" असंच वाचतो. असा बदल रिव्ह्यूमधून सहज निसटतो, बग थोडा विरळ होतो, आणि सगळ्यांना वाटतं की तो गेला.

म्हणून या कामाचे तीन टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याला नवं सेशन द्या.

पहिल्या टप्प्यात एजंटला लिहायची परवानगी नाही. बहुतेक टर्मिनल एजंटांत फक्त वाचून योजना मांडण्याचा मोड असतो, तो लावा. त्याच्याकडे तीन संभाव्य कारणं मागा. प्रत्येक कारणासोबत फाइल आणि ओळ, आणि "हे कारण खोटं असेल तर लॉगमध्ये काय दिसेल" हेही मागा. हा शेवटचा भाग सोडू नका. एखाद्या कारणाला खोटं ठरवणारी खूण एजंटला सांगता येत नसेल, तर ते कारण बहुधा त्याने कोड बघून रचलेलं असतं. मग खरे लॉग तुम्ही स्वतः बघा.

दुसऱ्या टप्प्यात फक्त बग दाखवणारी टेस्ट. दोन थ्रेड एका लॅचवर (सगळ्यांना एकदम सोडणाऱ्या अडसरावर) थांबवून एकाच क्षणी तीच विनंती पाठवायची आणि ऑर्डर एकच नोंदली गेली का ते बघायचं. ही टेस्ट मेमरीतल्या एचटू डेटाबेसवर चालवू नका. लॉकिंग आणि आयसोलेशन तिथे तुमच्या खऱ्या डेटाबेससारखं वागेलच असं नाही. टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने खरा डेटाबेस उभा करा. टेस्ट मेथडवर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन नको, कारण टेस्टने आधी घातलेला डेटा कमिट झालेला नसतो आणि बाकीच्या थ्रेडना तो दिसत नाही. एजंट सवयीने ते लावतो. टेस्ट शंभर-दोनशे वेळा लूपमध्ये चालवा. ती एकदाही लाल होत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या टप्प्यात दुरुस्ती, आणि टेस्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही असा नियम. तो नुसता सांगून थांबू नका, परवानगीच काढून घ्या किंवा नंतर डिफमध्ये तपासा. टिकाऊ उपाय बहुधा डेटाबेसमधल्या युनिक कन्स्ट्रेंटचा, म्हणजे तीच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाचा, असेल: प्रत्येक विनंतीसोबत एक किल्ली आणि त्या किल्लीवर कन्स्ट्रेंट. इथेही एक गंमत होते. एजंट ती किल्ली सर्व्हरवर यूयूआयडी (दर वेळी नवा, वेगळा ओळख-क्रमांक) म्हणून तयार करतो. तसं केलं तर पुन्हा आलेल्या त्याच विनंतीला नवी किल्ली मिळते आणि कन्स्ट्रेंट असून नसल्यासारखा होतो. किल्ली क्लायंटकडे तयार व्हायला हवी, आणि त्याच ऑर्डरचा पुन्हा प्रयत्न झाला तर तीच जायला हवी.

या कामासाठी तुमच्या बजेटमध्ये बसणारं सगळ्यांत दमदार मॉडेल वापरा. पहिल्या कामात स्वस्त मॉडेलने भागतं, कारण चूक यंत्र पकडतं. इथे ती तुम्हाला पकडायची आहे आणि तुमचा तास महाग आहे. दूरच्या एजंटला मात्र हे काम देऊ नका. त्याला तुमचे लॉग दिसत नाहीत, दोन इन्स्टन्सची मांडणी माहीत नसते, आणि तासाभराने तो सिंक्रोनाइज्ड लावलेली नीटनेटकी पुल रिक्वेस्ट घेऊन येतो.

तिसऱ्या कामात, म्हणजे अहवालाच्या स्क्रीनमध्ये, कोड सोपा आणि व्याख्या अवघड असते. रद्द झालेल्या ऑर्डर विक्रीत धरायच्या का? अर्धवट परतावा कुठल्या तारखेला वजा करायचा? दिवस कुठल्या टाइम झोनप्रमाणे संपतो? राउंडिंग प्रत्येक ओळीला की एकूण रकमेवर? तुम्ही हे सांगितलं नाहीत तर एजंट यातल्या प्रत्येकाचं काहीतरी उत्तर ठरवून मोकळा होतो आणि तुम्हाला कळवतही नाही. त्यामुळे आधी कोड न लिहिता प्रश्न विचारायला लावा आणि उत्तरं एका छोट्या फाइलमध्ये रिपॉझिटरीतच ठेवा. मग एडिटरमधल्या एजंटकडून तुकड्या-तुकड्याने करून घ्या: आधी क्वेरी, मग सर्व्हिस, मग स्क्रीन. दिसणं डोळ्यानेच तपासायचं असल्यामुळे इथे एडिटर सोयीचा.

तपासताना अहवालाची एकूण रक्कम दुसऱ्या कुणीतरी हाताने लिहिलेल्या एसक्यूएलशी जुळवा. तीन तारखांचे पट्टे घ्या आणि त्यातला एक महिनाअखेर ओलांडणारा असू द्या. पैशांसाठी डबल (दशांश अचूक न ठेवणारा प्रकार) वापरलाय की बिगडेसिमल (अचूक ठेवणारा), ते बघा. आणि क्वेरी लॉग चालू करून क्वेरी मोजा. ५०० ऑर्डरच्या यादीला ५०१ क्वेरी जात असतील तर डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट लायब्ररीतला नेहमीचा प्रकार झाला आहे: यादीसाठी एक आणि प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी क्वेरी. टेस्टमध्ये पाचच ऑर्डर असल्यामुळे तो तिथे दिसत नाही.

आता कंपनी आणि मॉडेल. लोक इथे बेंचमार्कचे तक्ते बघतात. बघा, पण ते काय मोजतात ते माहीत असू द्या. खऱ्या प्रकल्पांतले इश्यू सोडवायला लावणारा एसडब्ल्यूई-बेंच २०२३ मध्ये आला. त्यात १२ पायथन रिपॉझिटरींतली २,२९४ कामं आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या "व्हेरिफाइड" संचात ५०० आहेत आणि त्यातली निम्म्याच्या आसपास जँगो या एकाच वेब फ्रेमवर्कची. ही सगळी उघड्यावरची, नीट लिहिलेल्या इश्यूंची कामं. तुमचं जावातलं खाजगी ॲप, अर्धवट टेस्ट आणि "कधीकधी दोनदा होतं" एवढीच तक्रार, हे त्यात कुठेच नाही. तक्त्यात दोन-तीन टक्क्यांनी पुढे असलेलं मॉडेल तुमच्याकडेही पुढे असेल असं त्यावरून म्हणता येत नाही. फार मागे असलेलं मात्र खुशाल गाळा.

त्याऐवजी स्वतःच्या गिट इतिहासातून सहा ते आठ पूर्ण झालेली कामं निवडा: दोन बग, दोन छोटी फीचर, एक-दोन रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची पुनर्रचना), एक-दोन नुसत्या टेस्ट लिहिण्याची. प्रत्येकासाठी दुरुस्तीच्या आधीचा कमिट घ्या आणि मूळ इश्यूचा मजकूर जसाच्या तसा द्या. नंतर टाकलेल्या टेस्ट लपवून ठेवा. इतिहासासकट क्लोन मात्र देऊ नका. एजंट गिट लॉग चाळतो, आणि पुढच्या कमिटमध्ये उत्तर असेल तर ते उचलतो. फक्त त्या क्षणाच्या फाइली घेऊन नवी रिपॉझिटरी बनवा. प्रत्येक काम प्रत्येक एजंटला तीनदा करायला लावा, कारण एकाच प्रॉम्प्टवर निकाल बदलतो. तीनही वेळा जमलं तरी फार हुरळून जाऊ नका: ज्याला ते काम निम्म्याच वेळा जमतं असा एजंटही आठातून एकदा तिन्ही वेळा यशस्वी होतो. म्हणून एका कामावर नव्हे, सगळ्या कामांच्या बेरजेवर ठरवा.

नोंद कशाची ठेवायची? लपवलेल्या टेस्ट पास झाल्या का, हे तर झालंच. त्याशिवाय न सांगितलेल्या किती फाइलींना हात लागला, टेस्टमधला असर्ट काढला किंवा सैल केला का, रिकामा कॅच ब्लॉक टाकला का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो डिफ मर्ज करण्याजोगा व्हायला माणसाची किती मिनिटं गेली. घड्याळ लावूनच मोजा, अंदाजाने नको. मीटर (METR) या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओपन सोर्स प्रकल्पांत मुरलेले १६ डेव्हलपर आणि २४६ कामं होती. एआय वापरायला मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्या डेव्हलपरना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. साधनं त्यानंतर बदलली आहेत, त्यामुळे तो १९ चा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण आपल्याला किती वेळ लागला हे आपल्याला नीट जाणवत नाही, ही बाब तशीच राहते.

खर्चाबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. लोक टोकनचा (मॉडेल मोजतं त्या मजकुराच्या तुकड्याचा) दर बघतात आणि सेशनची लांबी विसरतात. प्रत्येक पावलाला आतापर्यंतचं सगळं संभाषण मॉडेलकडे पुन्हा जातं. समजा सुरुवातीला २० हजार टोकन आहेत आणि दर पावलाला सरासरी दोन हजारांची भर पडते. ५० पावलांच्या एका सेशनमध्ये एकूण ३४ लाख ५० हजार इनपुट टोकन जातात. तेच काम २५ पावलांच्या दोन सेशनमध्ये केलं तर २२ लाख. कॅशिंगमुळे आधी पाठवलेल्या भागाचा दर बराच कमी होतो, पण कॅश काही मिनिटांत शिळी होऊ शकते. मधे जेवून आलात तर पुढच्या पावलाला पुन्हा पूर्ण दर लागू शकतो. आणि पैशांपलीकडचं कारण म्हणजे लांब सेशनमध्ये जुने फसलेले प्रयत्नही साचतात आणि मॉडेल त्यांच्याच वळणावर परत जातं. तोच उपाय दुसऱ्यांदा फसला की समजावत बसू नका. आतापर्यंत काय कळलं ते दहा ओळींत लिहून घ्या, बदल रिव्हर्ट करा, नवं सेशन उघडा.

एजंट घेण्याआधी रिपॉझिटरीत थोडी तयारी केलीत तर एजंटांतला फरक बराच पुसला जातो. पूर्ण टेस्ट चालायला दहा मिनिटं लागत असतील तर आठ फेऱ्यांत ८० मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. एकच मॉड्यूल, एकच टेस्ट क्लास चालवायची कमांड सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. मेव्हन हे बिल्डचं साधन शांत मोडमध्ये चालवा, नाहीतर डाउनलोडच्या ओळींनीच कॉन्टेक्स्ट (मॉडेलला एका वेळी दिसू शकणारा मजकूर) भरतो. सूचनांची फाइल, एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी, शंभर ओळींच्या आत ठेवा. कमांड, फोल्डरांची मांडणी, "या पॅकेजला हात लावू नको, ते जनरेट होतं" अशा गोष्टी त्यात हव्यात. "स्वच्छ कोड लिही" छापाच्या ओळी काढून टाका, त्यांनी काही बदलत नाही.

परवानग्यांच्या बाबतीत मी कंजूष आहे. एजंट कंटेनरमध्ये चालवा आणि प्रॉडक्शनचे पासवर्ड त्या मशीनवर असूच नयेत; "एन्व्ह फाइल (पासवर्ड वगैरे ठेवायची फाइल) वाचू नको" असं सांगणं म्हणजे संरक्षण नव्हे. खाजगी डेटा, बाहेरून आलेला मजकूर आणि बाहेर माहिती पाठवायची सोय, या तीन गोष्टी एकाच एजंटच्या हाती आल्या तर कुणीतरी इश्यूच्या मजकुरात लपवलेली सूचना तुमचा डेटा बाहेर काढू शकते. तिन्हींपैकी एक तरी तोडा. बहुधा नेटवर्क ठरावीक पत्त्यांपुरतं ठेवणं सगळ्यांत सोपं पडतं. नवी डिपेन्डन्सी (बाहेरची लायब्ररी) माणसाने बघितल्याशिवाय येऊ देऊ नका. मॉडेल अस्तित्वात नसलेल्या पॅकेजची पटणारी नावं देतं, आणि अशी नावं हेरून कुणी त्याच नावाचं घातक पॅकेज टाकून ठेवू शकतं.

पाच जण एकाच वेळी अनेक एजंट चालवणार असाल तर प्रत्येकाला वेगळं गिट वर्कट्री (त्याच रिपॉझिटरीचं स्वतंत्र फोल्डर) द्या. पण पोर्ट आणि टेस्टचा डेटाबेसही वेगळा लागतो, हे लोक विसरतात आणि मग एका एजंटच्या टेस्ट दुसऱ्यामुळे पडतात. त्या लाल टेस्ट बघून एजंट भलताच कोड "दुरुस्त" करायला घेतो. किती एजंट समांतर चालवायचे याची मर्यादा मशीन ठरवत नाही, रिव्ह्यू करणारे ठरवतात. डिफ ४०० ओळींच्या वर गेला की बहुतेक माणसं वाचायचं सोडून नुसतं स्क्रोल करतात. तेवढा मोठा डिफ आला तर तो तोडून मागा, आणि वाचताना टेस्टच्या फोल्डरमधले बदल आधी वाचा.

आता क्रम. पहिल्या आठवड्यात ओपनरीराइट चालवून जेयुनिटचं काम जेवढं होईल तेवढं संपवा. त्याला एजंटची वर्गणीही लागत नाही. त्याच आठवड्यात इतिहासातली सहा-आठ कामं बाजूला काढा आणि टेस्टच्या छोट्या कमांड लिहून ठेवा. मग दोन एजंट निवडा, त्यातला एक टर्मिनलमधला, आणि त्यांच्यावर ती कामं चालवा. दोघांत माणसाच्या मिनिटांचा ठळक फरक नसेल तर टीमला ज्याची सवय पटकन होईल तो घ्या. वर्गणी महिन्याची ठेवा, वर्षाची नको. एजंट किंवा त्यातलं मॉडेल मधेच बदलतं. तसं झालं की तीच कामं पुन्हा चालवा. बदल मदतीचा झाला की अडचणीचा, हे अर्ध्या दिवसात समजतं.